मत्स्यशेतीचा गाळ आणि शेवाळ यांपासून बायोगॅस : तयारी, कामाचा क्रम आणि नेहमीच्या चुका

शेणावर वर्षानुवर्षे बिनतक्रार चालणारे गोबरगॅस संयंत्र मासळीच्या टाक्यांतला गाळ घालू लागताच दोन-तीन महिन्यांत बंद पडते, असा अनुभव अनेकांना येतो आणि मग सगळा दोष गाळाच्या माथी मारला जातो. गाळ वाईट नसतो. तो शेणासारखा आहे असे समजून हाताळला जातो, हे वाईट असते. ताज्या शेणात सुमारे १८ ते २० टक्के कोरडा भाग असतो, तर टाकीच्या तळातून निघणाऱ्या गाळात तो बहुधा एक टक्काही नसतो. शेणात कर्ब आणि नत्र यांचे प्रमाण साधारण २० ते २५ ला १ असे असते. माशांची विष्ठा आणि उरलेले खाद्य यांत ते ६ ते १० ला १ इतके खाली येते, आणि शेवाळही याच पंक्तीत बसते. म्हणजे पाणी फार, नत्र फार, आणि निष्काळजीपणे गोळा केला तर मातीही फार. पुढील सगळे टप्पे या तीन अडचणी दूर करण्यासाठी आहेत आणि त्यांचा क्रम बदलून चालत नाही.

हा लेख ज्यांच्याकडे मधोमध निचरा असलेल्या गोल टाक्या आहेत, म्हणजे बायोफ्लॉक (जिवाणूंच्या पुंजक्यांकडून टाकीतले पाणी टाकीतच स्वच्छ ठेवणारी) किंवा पाण्याचा पुनर्वापर करणारी पद्धत आहे, त्यांच्यासाठी प्रामुख्याने आहे. प्लास्टिक अस्तराच्या शेततळ्यात गाळ एका खोल कोपऱ्यात जमत असेल आणि तो पंपाने ओढता येत असेल, तर तेथेही ही पद्धत लागू पडते. उजनीसारख्या जलाशयातील पिंजऱ्यांत विष्ठा थेट धरणाच्या पाण्यात पडते, त्यामुळे तेथे गोळा करण्यासारखे काही उरत नाही. मातीच्या तळ्याचा प्रश्न दुसऱ्या टप्प्यात येईल.

टप्पा १ : बादल्या मोजू नका, खाद्य मोजा

संयंत्र किती मोठे हवे, हे गाळाच्या बादल्यांवरून ठरवता येत नाही, कारण बादलीत बहुतांश पाणीच असते. हिशोब माशांना रोज घातल्या जाणाऱ्या खाद्यावरून सुरू करावा. खाद्याच्या साधारण चौथा हिस्सा कोरड्या विष्ठेच्या रूपात बाहेर पडतो आणि चांगल्या निचऱ्यातही त्यातला निम्माच हाती लागतो असे धरून चालणे शहाणपणाचे.

एक उदाहरण शेवटपर्यंत नेऊ. तिलापिया किंवा पंगसच्या टाक्यांत रोज ४० किलो खाद्य पडत असेल, तर सुमारे १० किलो कोरडी विष्ठा तयार होते आणि त्यातली ५ किलो गोळा होते. या ५ किलोंपैकी सुमारे ३.६ किलो भाग सेंद्रिय, म्हणजे गॅस देऊ शकणारा असतो, आणि त्यातून दिवसाला सुमारे १.३ घनमीटर गॅसची अपेक्षा ठेवता येते. त्याला रोजच्या २० किलो शेणाची जोड दिली तर आणखी ०.८ घनमीटर मिळतो. पाणी निथळलेले १० किलो शेवाळ मात्र जेमतेम ०.२ घनमीटर देते, आणि एक किलो कुट्टी केलेला पेंढा तितकाच. एकूण बेरीज सुमारे अडीच घनमीटर. एक घनमीटर बायोगॅस साधारण ०.४५ किलो स्वयंपाकाच्या गॅसची जागा घेतो, म्हणजे १४.२ किलोचा सिलिंडर सुमारे १३ दिवसांत भरून निघतो.

शेवाळाचा वाटा किती लहान आहे, हे या आकड्यांतून दिसावे. शेवाळापासून इंधन हा विषय वाचायला आकर्षक आहे, पण शेतावरच्या संयंत्रात शेवाळ हे तोंडी लावणे आहे. ते तळ्यातून काढावे लागतेच, म्हणून टाकीत घालायचे. केवळ शेवाळासाठी संयंत्र बांधण्याचा विचार करणाऱ्यांनी तो येथेच सोडलेला बरा.

*तपासणी :* मासे काढल्यानंतर पुढची बॅच सोडेपर्यंत खाद्य शून्य असते, आणि पिले लहान असताना ते नगण्य असते. वर्षातल्या प्रत्येक महिन्याचे खाद्य वेगळे लिहून काढा. आकार सर्वांत चांगल्या महिन्यावर ठरवू नका, वर्षाच्या सरासरीवर ठरवा.

टप्पा २ : गाळाची परीक्षा

बांधकामाला हात लावण्यापूर्वी दोन परीक्षा घरीच करून घ्याव्यात. सोनाराकडे असतो तसा दशांश ग्रॅम दाखवणारा छोटा काटा त्यासाठी पुरेसा होतो.

पहिली परीक्षा कोरड्या भागाची. एक किलो गाळ स्टीलच्या पसरट ताटात घेऊन उन्हात पूर्ण वाळवावा, मग ताट मंद आचेवर ठेवून उरलेली ओल घालवावी आणि वजन करावे. ६० ग्रॅम उरले तर कोरडा भाग ६ टक्के. निचऱ्यातून थेट आलेल्या गाळात हा आकडा ५ ते १० ग्रॅमच्या आसपास येईल. त्याने निराश होऊ नये, त्याचा उपाय तिसऱ्या टप्प्यात आहे.

दुसरी परीक्षा राखेची, आणि हीच बहुतेक लोक टाळतात. वाळलेल्या गाळाची पूड करून त्यातली १० ग्रॅम लोखंडी पळीत घ्यावी आणि उघड्यावर, वाऱ्याच्या आडोशाला, तीव्र आचेवर धरावी. आधी धूर येतो आणि जळक्या मासळीचा वास सुटतो, मग पूड काळी पडते आणि पळी चांगली लाल झाल्यावर हळूहळू करडी होते. काळेपणा पूर्ण गेल्यावर थंड करून वजन करावे. अडीच-तीन ग्रॅम राख उरली तर गाळ उत्तम आहे. साडेचार ग्रॅमच्या वर राख उरली तर त्यात माती मिसळत आहे, आणि ती कोठून येते हे शोधल्याशिवाय पुढे जाऊ नये.

मातीच्या तळ्याचा उपसलेला गाळ असा तपासला तर दहापैकी नऊ ग्रॅमहून अधिक राख उरते. दिसायला तो काळाभोर आणि दुर्गंधीयुक्त असतो, त्यामुळे त्यात भरपूर गॅस असेल असे वाटते. प्रत्यक्षात ती माती असते आणि काळा रंग लोह-गंधकाच्या संयुगाचा असतो. असा गाळ संयंत्रात घातला की तो तळाशी बसतो, पाचक टाकीचे, म्हणजे जिथे माल कुजून गॅस बनतो त्या टाकीचे, आकारमान महिन्यागणिक कमी करतो आणि शेवटी टाकी रिकामी करून कुदळीने खरवडावी लागते. त्याची जागा शेतात आहे.

कोळंबीची तळी असलेल्यांना तिसरी परीक्षा लागते, ती क्षारतेची. पालघर, रायगड किंवा सिंधुदुर्गातील व्हेनामी कोळंबीच्या तळ्यांचे पाणी निमखारे असते. समुद्राच्या पाण्यात लिटरला सुमारे साडेदहा ग्रॅम सोडियम असते, आणि पाचक टाकीत सोडियम लिटरला साडेतीन ग्रॅमच्या वर गेले की गॅस तयार करणारे जिवाणू मंदावू लागतात. आठ ग्रॅमपुढे ते जवळजवळ थांबतात. त्यामुळे गाळ दुप्पट गोड्या पाण्यात ढवळून, बसू देऊन, वरचे पाणी टाकून द्यावे. एका धुण्यात क्षारता सुमारे एक तृतीयांशावर येते. टाकीत जाणाऱ्या मिश्रणाची क्षारता १० पीपीटीच्या (हजार भागांत १० भाग क्षार) खाली राहील, एवढे पाहावे. खाऱ्या गाळासोबत सल्फेटही येते आणि त्यापासून हायड्रोजन सल्फाइड हा विषारी वायू जास्त बनतो, म्हणून अशा ठिकाणी सातव्या टप्प्यातील गाळणी ऐच्छिक राहत नाही.

टप्पा ३ : गाळ गोळा करणे आणि घट्ट करणे

१. मासे खाद्य खाऊन झाल्यावर तासा-दोन तासांनी मधला निचरा थोडा वेळ उघडावा. सतत बारीक धार सोडण्यापेक्षा दिवसातून तीन-चार वेळा जोरात सोडलेला निचरा अधिक घट्ट गाळ आणतो.

२. हा गाळ निमुळत्या तळाच्या टाकीत न्यावा. आपल्या उदाहरणात रोज सुमारे ६०० लिटर पाणी येईल, म्हणून हजार लिटरच्या दोन टाक्या आलटून पालटून वापराव्यात. दहा-बारा तासांत गाळ तळाशी बसतो. वरचे पाणी बाजूच्या तोटीने बागेला सोडावे. तळाशी २०० लिटरच्या आसपास, दोन-तीन टक्के कोरड्या भागाचा गाळ उरतो.

३. तो तळाच्या झडपेतून काढून गोणपाटाच्या किंवा दुहेरी शेडनेटच्या पिशव्यांत भरून रात्रभर टांगावा. सकाळी ८०-८५ लिटर गाळ हाती येतो आणि त्याचा कोरडा भाग सुमारे ६ टक्के असतो. हाताने उचलला तर तो बोटांच्या फटींतून ओघळतो, पण पाण्यासारखा धावत नाही. आंबिलीएवढा दाट झाला की पुरे.

गाळ लवकर बसावा म्हणून तुरटी घालण्याचा मोह होतो. तुरटीतले सल्फेट टाकीत हायड्रोजन सल्फाइड बनून परत येते, म्हणून तो मोह टाळावा.

*सावधान :* निचऱ्यापासून संयंत्रापर्यंतचा सगळा प्रवास २४ तासांत व्हावा. उन्हाळ्यात दोन दिवस साठवलेला गाळ आंबतो, त्यातला गॅस हवेत जातो आणि सडक्या अंड्यासारखा वास येऊ लागतो. असा शिळा गाळ ढवळताना बाहेर पडणारा वायू जिवावर बेतू शकतो. गाळाच्या किंवा पाचक टाकीत कोणीही, कोणत्याही कारणाने, उतरू नये. आत पडलेल्याला काढायला उतरलेला माणूसही त्यातून वाचत नाही.

*तपासणी :* निचऱ्याच्या नळीला पाणी बाहेर वळवणारी दुसरी झडप हवीच. ब्लीचिंग पावडर, फॉर्मेलिन, पोटॅशियम परमँगनेट किंवा प्रतिजैविक वापरले असेल, तर उपचार चालू असेपर्यंत आणि त्यानंतर आठवडाभर गाळ संयंत्राकडे जाता कामा नये. जे औषध टाकीतले रोगजंतू मारते, ते पाचक टाकीतल्या जिवाणूंनाही मारते.

टप्पा ४ : शेवाळाची तयारी

शेवाळ दोन प्रकारचे असते आणि दोन्हींना एकच नियम लावता येत नाही.

तळ्याच्या कडेने वाढणारे लांब, केसाळ, लोंबणारे शेवाळ कामाचे आहे. ते जाळीने ओढून काढावे, चिकटलेले शिंपले-गोगलगायी आणि वाळू झटकून टाकावी, बांबूच्या तट्ट्यावर रात्रभर निथळावे आणि कोयत्याने किंवा कडबाकुट्टीवर बोटाच्या पेराएवढे तुकडे करावेत. लांब शेवाळ तसेच घातले तर ते पाचक टाकीत वर तरंगते, एकमेकांत गुंतते आणि जाड सायीसारखा थर धरते. त्याखाली गॅस अडकतो आणि निकासकुंडीचे, म्हणजे पचलेला माल बाहेर पडतो त्या कुंडीचे, तोंडही बुजते. चिरलेले शेवाळ पिंपात, संयंत्रातून बाहेर पडलेल्या पचलेल्या पातळ मालात (स्लरीत) बुडवून एक-दोन दिवस ठेवले तर ते मऊ होऊन खाली बसते. पेंढ्याची कुट्टीही त्याच पिंपात भिजवावी.

पाण्याला हिरवा रंग देणारे सूक्ष्म शेवाळ ही वेगळी गोष्ट आहे. गडद हिरव्या पाण्यातही लिटरला अर्धा ग्रॅमपेक्षा जास्त कोरडे शेवाळ क्वचितच असते, म्हणजे हजार लिटर पाणी ओतून अर्धा किलोही माल आत जात नाही आणि टाकी मात्र पाण्याने धुऊन निघते. त्यातही क्लोरेलासारख्या शेवाळांच्या पेशींचे कवच इतके चिवट असते की बराच भाग न पचताच बाहेर पडतो. ते आधी गरम करून फोडता येते, पण त्याला लागणारे इंधन मिळणारा गॅस खाऊन टाकते. हिरवे पाणी पिकाला द्यावे.

*सावधान :* पाण्यावर हिरव्या रंगाचा तवंग सांडल्यासारखा निळसर-हिरवा थर येतो, तो बहुधा मायक्रोसिस्टिससारख्या विषारी निळ्या-हिरव्या शेवाळाचा असतो. तो उघड्या हाताने काढू नये आणि संयंत्रातही घालू नये, कारण स्लरी पुढे पिकाला जाणार असते. मोरचूद मारून मेलेले शेवाळही वर्ज्य आहे. त्यातले तांबे जिवाणूंना घातक ठरते.

टप्पा ५ : संयंत्राची निवड आणि जागा

आपल्या उदाहरणातला रोजचा भरणा असा : दाट गाळ ८३ लिटर, शेण २० किलो, शेवाळ १० किलो, पेंढा १ किलो, एकूण सुमारे ११५ लिटर, कोरडा भाग ९ ते १० टक्के. यात वेगळे पाणी घालायचे नाही, कारण शेण कालवायला लागणारे पाणी गाळातच आहे. शेणाला समान पाणी घालण्याची सवय हाताला लागलेली असल्यामुळे ही चूक वरचेवर होते.

हे मिश्रण टाकीत ४५ ते ५० दिवस राहावे. ११५ गुणिले ५० म्हणजे सुमारे पावणेसहा हजार लिटर; बाजारात ज्याला ३ घनमीटरचे (म्हणजे दिवसाला तेवढा गॅस देणारे) संयंत्र म्हणतात, त्यात ते सामावते.

प्रकार निवडताना मी पक्क्या घुमटापेक्षा तरंगत्या टोपीच्या (गॅस साठेल तशी वर उचलल्या जाणाऱ्या झाकणाच्या) संयंत्राला पसंती देईन. मासळीच्या खाद्यातील तेल आणि शेवाळाचे तंतू यांमुळे वर साय धरते. टोपी रोज दोनदा इकडून तिकडे फिरवली की ती फुटते, पक्क्या घुमटात ही सोय नाही. मात्र लोखंडी टोपी या गॅसने लवकर सडते, म्हणून फायबरची घ्यावी आणि पाण्याच्या कड्यात तरंगणारा नमुना घ्यावा. त्या कड्यातल्या पाण्यात डास होतात. मासळीवाल्याला चार गप्पी मासे सोडायला सांगावे लागू नये.

जागा दिवसभर उन्हाची, पिण्याच्या विहिरीपासून किमान १५ मीटर दूर आणि गाळाच्या टाक्यांपेक्षा खालच्या पातळीवर असावी, म्हणजे गाळ उतारानेच येतो. नाशिक-नगरकडची थंडी येथे विचारात घ्यावी लागते. जिवाणूंना ३० ते ३७ अंश तापमान मानवते. रात्री पारा १० अंशांवर उतरतो तेव्हा गॅस निम्म्यावर येऊ शकतो, आणि नेमके त्याच काळात मासेही कमी खातात. टाकीभोवती पाचटाचा जाड थर आणि सकाळी उन्हात कोमट झालेल्या पिंपातून भरणा, एवढे केले तरी फरक पडतो.

*तपासणी :* भरणा करण्यापूर्वी टाकी पाण्याने भरून एक दिवस पातळी पाहावी. मग टोपी लावून हवा कोंडावी आणि प्रत्येक सांध्यावर साबणाचे पाणी लावून बुडबुडे शोधावेत. गळती शोधायची ती अशी आणि आत्ताच. गॅस सुरू झाल्यावर काडी ओढून गळती शोधण्याचा प्रकार स्फोटाला आमंत्रण आहे.

टप्पा ६ : सुरुवात शेणाने, गाळ नंतर

सर्वाधिक संयंत्रे याच टप्प्यावर बिघडतात. मिथेन, म्हणजे बायोगॅसमधला जळणारा वायू, तयार करणारे जिवाणू फार सावकाश वाढतात, आणि माशांच्या विष्ठेत ते पुरेशा संख्येने नसतात. जनावरांच्या शेणात ते तयारच असतात. म्हणून पहिला भरणा पूर्णपणे शेणाचा असावा : सुमारे पावणेतीन टन शेण आणि तेवढेच पाणी. जवळच्या चालू संयंत्रातून ५०० लिटर ताजी स्लरी विरजण म्हणून मिळाली तर महिनाभराचे काम दोन-तीन आठवड्यांत होते.

पहिला जमलेला गॅस जळत नाही, कारण त्यात कर्बवायू जास्त आणि आत राहिलेली हवा मिसळलेली असते. टोपी दोनदा पूर्ण भरून दोनदा मोकळ्या हवेत रिकामी करावी आणि त्यानंतरच शेगडीवर, फक्त शेगडीवर, ज्योत लावून पाहावी. ज्योत निळी आणि स्थिर झाल्यावर रोज ५० किलो शेण आणि ५० लिटर पाणी असा भरणा दोन आठवडे चालवावा.

मग गाळ आणावा. पहिल्या आठवड्यात रोज १० लिटर दाट गाळ, आणि तेवढेच पाणी कमी. पुढे दर आठवड्याला १० लिटरने वाढ, शेणात ४ किलोच्या आसपास घट. ८३ लिटरपर्यंत पोहोचायला आठ-नऊ आठवडे लागतात आणि ते लागू द्यावेत, कारण जिवाणूंना वाढत्या अमोनियाची सवय व्हायला तेवढा अवधी हवा असतो. गाळ ४० लिटरवर स्थिरावला की शेवाळ रोज दोन किलोपासून सुरू करावे. दोन्ही एकदम सुरू केले तर बिघाड कशामुळे झाला, हे कळत नाही.

पुस्तकांत कर्ब-नत्राचे प्रमाण २० ते ३० ला १ असावे असे दिलेले असते. आपल्या मिश्रणात ते १२-१३ च्या आसपास येते आणि त्याने घाबरण्याचे कारण नाही, कारण मिश्रण फार दाट नसल्यामुळे अमोनिया लिटरला सुमारे ३ ग्रॅमच्या धोक्याच्या रेषेखाली राहतो. पण म्हणूनच शेणाचा वाटा एकूण कोरड्या वजनाच्या तिसऱ्या हिश्श्याखाली कधीही नेऊ नये.

मेलेले मासे आणि मासळी साफ करताना निघालेली आतडी यांत गॅस भरपूर असतो, पण तेल आणि प्रथिनांमुळे टाकी फेसाळते. ताजे, बारीक चिरलेले, दिवसाला एक किलोपर्यंत चालतील, तेही संयंत्र तीन-चार महिने सुरळीत चालल्यावर. खवले आणि काटे पचत नाहीत, ते तळाशी साचतात. एखाद्या रोगाने शेकडो मासे मेले तर ते चुना घालून खड्ड्यात पुरावेत. एका दिवशी सगळे टाकीत ढकलण्याचा सोपा वाटणारा मार्ग संयंत्राचाही बळी घेतो.

टप्पा ७ : गॅसची नळी, गाळणी आणि शेगडी

नळीला पाणीसापळ्याकडे मीटरला एक सेंटिमीटर उतार द्यावा, नाहीतर साचलेल्या वाफेच्या पाण्याने ज्योत धडधडते. सापळा आठवड्यातून एकदा रिकामा करावा.

हायड्रोजन सल्फाइडसाठी चार इंची पीव्हीसी नळीत लेथवरचा लोखंडी कीस भरावा. तो आधी पाणी शिंपडून चांगला गंजवलेला असावा, कारण वायू धरून ठेवतो तो गंज. गाळणीनंतरच्या गॅससमोर घासलेली तांब्याची तार थोडा वेळ धरावी. ती काळवंडली तर कीस बदलण्याची वेळ झाली. वापरलेला काळा कीस बाहेर काढताना आधी पाण्याने भिजवावा, कारण कोरडा कीस हवा लागताच तापतो आणि पेटूही शकतो. वास येत नाही म्हणजे वायू नाही, असे समजू नये; प्रमाण वाढले की नाकाला तो वास येणेच बंद होते.

शेगडी बायोगॅसचीच घ्यावी. सिलिंडरच्या शेगडीचे छिद्र बारीक असते, त्यावर ज्योत टिकत नाही.

टप्पा ८ : रोजचे लक्ष आणि बिघाडाचे निदान

वहीत रोज चार नोंदी पुरतात : भरणा, टोपीची उंची, निकासकुंडीतल्या स्लरीचा सामू (पीएच) आणि वास. सामू मोजायला कागदी पट्टी चालते.

गॅस कमी झाला की लोक पहिले काम करतात ते चुना घालण्याचे. शेणाच्या संयंत्रात तो उपाय बहुधा लागू पडतो, कारण तेथे बिघाड आंबण्याचा असतो. मासळीच्या गाळावर चालणाऱ्या संयंत्रात बिघाड नेमका उलट असू शकतो, आणि मग चुना जखमेवर मीठ ठरतो. म्हणून आधी सामू पाहावा.

सामू ६.६ च्या खाली, वास आंबट, ज्योत टिकत नाही : टाकी आंबली आहे. भरणा चार-पाच दिवस पूर्ण बंद ठेवावा. सामू वर येत नसेल तरच चुन्याची निवळी थोडी थोडी, एका दिवशी थोडीच, घालावी. पुन्हा सुरुवात निम्म्या भरण्याने आणि शेणानेच करावी.

सामू ७.८ च्या वर, निकासकुंडीवर वाकल्यावर डोळ्यांत आणि नाकात झोंबणारा वास : अमोनिया वाढला आहे. येथे चुना घातला तर सामू आणखी चढतो आणि निरुपद्रवी रूपातला अमोनिया विषारी रूपात बदलतो. गाळ आणि शेवाळ बंद करावे, दहा-पंधरा दिवस केवळ शेण आणि नेहमीपेक्षा दीडपट पाणी द्यावे, आणि गाळ पुन्हा आणताना आठवड्याला १० लिटरचाच नियम पाळावा.

सामू ठीक, गॅस कमी, बाहेर पडणारी स्लरी पाण्यासारखी पातळ : पिशवीत गाळ नीट निथळलेला नाही. ताटातली परीक्षा पुन्हा करावी.

सामू ठीक, वरून फेस : तेलकट माल जास्त गेला आहे. तो थांबवावा, टोपी फिरवावी, दोन दिवस भरणा निम्मा करावा.

मासे काढल्यानंतरच्या रिकाम्या काळात संयंत्र उपाशी ठेवू नये. रोज १५-२० किलो शेण चालू ठेवले तर जिवाणू टिकून राहतात. नवी बॅच खाद्य घेऊ लागल्यावर गाळ एकदम पूर्ण न घालता तीन-चार आठवड्यांत वाढवावा. टाक्या अनेक असतील तर पिले सोडण्याच्या तारखा महिना-दीड महिन्याच्या अंतराने ठेवणे सर्वांत चांगले. बाजारालाही ते बरे पडते.

बाहेर पडणाऱ्या स्लरीचे काय करावे

या स्लरीतले बरेचसे नत्र अमोनियाच्या रूपात असते, म्हणून ती शेणाच्या स्लरीपेक्षा तीव्र असते आणि उन्हात पसरून ठेवली तर नत्र उडून जाते. दोन-तीन पट पाण्यात मिसळून, संध्याकाळी, सरीत सोडावी आणि वर माती ओढावी. कोवळ्या रोपांच्या बुंध्याशी आणि कच्च्या खाल्ल्या जाणाऱ्या पालेभाज्यांवर ती टाकू नये. बायोफ्लॉकच्या किंवा पुनर्वापराच्या टाक्यांत ती परत सोडण्याचा सल्ला कोठे मिळाला तरी तो मानू नये. तेथे मासे आधीच अमोनियाच्या काठावर जगत असतात. कोळंबीच्या तळ्याच्या गाळाची स्लरी भाताच्या खाचरात किंवा भाजीच्या वाफ्यात गेली तर जमीन खारावते. ती नारळाच्या आळ्यात, तीही पावसाळ्यात, पाणी भरपूर असताना द्यावी.